थोटलकोंड्याची जोती वाचायची तर आधी टाकी बघा

प्रश्न थोडक्यात असा: विशाखापट्टणमला दोन दिवस मुक्काम आहे आणि थोटलकोंड्याची बौद्ध टेकडी बघायची आहे. पण फोटोंत गुडघाभर उंचीची जोती आणि एक गुळगुळीत स्तूप एवढंच दिसतं. तिथं नेमकं काय बघायचं, कोणत्या क्रमानं, आणि तो स्तूप जुना म्हणायचा की नवा?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. मांडणी, पाया आणि जागा जुनी आहे. डोळ्यांत भरणारा वरचा भाग उत्खननानंतर उभारलेला आहे, आणि ऑक्टोबर 2019 मधल्या मुसळधार पावसात तो ढासळल्यावर पुन्हा बांधावा लागला. म्हणून तिथं पोचल्यावर लगेच महास्तूपाकडे धाव घेऊ नका. त्यानं घोळ वाढतो. आधी टाकी (खडकात खोदलेले पाण्याचे हौद) बघा, मग राहण्याच्या खोल्या, मग जेवणघर, आणि स्तूप सगळ्यांत शेवटी. या क्रमानं गेलात तर जोत्यांचा अर्थ लागत जातो.

जागेची माहिती अशी. विशाखापट्टणमहून भीमुनिपट्टणमकडे (स्थानिक लोक भीमिली म्हणतात) समुद्राच्या कडेनं जाणाऱ्या रस्त्यावर, शहरापासून सुमारे 16 किलोमीटरवर मंगमारिपेटा येतं. त्याच्या बाजूची ही टेकडी समुद्रसपाटीपासून साधारण 128 मीटर उंच आहे आणि गाडीरस्ता थेट माथ्यापर्यंत जातो. भारतीय नौदलाच्या हवाई पाहणीत ही जागा लक्षात आली आणि 1988 ते 1993 या काळात आंध्र प्रदेशच्या पुरातत्त्व खात्यानं ती खोदली. हाती आलं ते पुष्कळ होतं: महास्तूप, दानातून उभे राहिलेले सोळा छोटे स्तूप, एक गजपृष्ठाकार आणि तीन वर्तुळाकार चैत्यगृहं (आत स्तूप असलेली पूजागृहं), दहा विहार (भिक्षूंच्या राहण्याच्या इमारती), दगडी खांबांचा सभामंडप, फरसबंद वाटा, तीन दालनांचं स्वयंपाकघर, भोजनगृह आणि खडकात खोदलेली अकरा टाकी. टेकडीचं तेलुगू नावही या टाक्यांवरूनच पडलेलं आहे. वसाहतीचा काळ ढोबळमानानं इ.स.पूर्व तिसरं-दुसरं शतक ते इ.स. तिसरं शतक.

आता पाणी. टेकडीच्या माथ्यावर शंभरेक भिक्षू राहू शकत असत असा अंदाज सांगितला जातो. हा आकडा पटतो की नाही, ते टाक्यांपाशी उभं राहून स्वतःच ताडून बघता येतं. पिणं, स्वयंपाक, भांडी आणि थोडं हातपाय धुणं धरून माणशी रोज 10 लिटर पाणी घ्या. विनयाचे, म्हणजे भिक्षूंच्या आचाराचे, नियम आंघोळीबाबत कडक होते, त्यामुळे हा आकडा फार कमी नाही. पावसाचे चार महिने सोडले तर आठ महिने, म्हणजे 240 दिवस साठ्यावर काढायचे. 100 माणसं, 10 लिटर, 240 दिवस: झाले 2,40,000 लिटर, म्हणजे 240 घनमीटर. अकरा टाक्यांत वाटलं तर प्रत्येकी साधारण 22 घनमीटर, म्हणजे 4 मीटर लांब, 3 मीटर रुंद आणि पावणेदोन-दोन मीटर खोल टाकं. खडकात खोदायला हे आवाक्याबाहेरचं माप मुळीच नाही.

पाणी येणार कुठून, हा हिशेबही सोपा आहे. 1 मिलिमीटर पाऊस 1 चौरस मीटरवर पडला की 1 लिटर होतो. या किनाऱ्यावर वर्षाला साधारण 1000 ते 1100 मिलिमीटर पडतो. म्हणजे 1000 चौरस मीटर उघड्या खडकावर दहा लाख लिटरच्या वर पाणी येतं. त्यातलं अर्धं मुरलं, उडालं, वाहून गेलं असं धरलं तरी गरजेच्या दुप्पट उरतं. तेव्हा इथली अडचण पाऊस कमी असण्याची नाही, पाणी अडवून टाक्यात वळवण्याची आहे. म्हणून टाक्यात डोकावण्याआधी त्याच्या वरच्या अंगाचा खडक बघा. कुठं बोटभर खोलीचा पन्हळ कोरलेला सापडेल, कुठं खडकाचा नैसर्गिक उतारच थोडा तासून काठापर्यंत आणलेला दिसेल. काठावर एका बाजूला पायऱ्या किंवा पाय टेकवायच्या खाचा आहेत का, तेही बघा. असतील तर ते टाकं उतरून साफ करण्याची सोय ठेवून खोदलेलं आहे. गाळ न काढलेलं टाकं दरवर्षी थोडं थोडं भरत जातं आणि शेवटी निकामी होतं.

महाराष्ट्रातले गड-लेणी फिरणाऱ्यांना हे ओळखीचं वाटेल. कान्हेरीत जवळपास प्रत्येक लेण्याच्या अंगणात टाकं आहे आणि तिथल्या शिलालेखांत त्याला ‘पोढी’ म्हटलं आहे. टाकं खोदून देणं हे स्वतंत्र दान होतं, लेणं खोदून देण्याइतकंच मानाचं. फरक एवढाच की कान्हेरीत टाकी ज्याच्या त्याच्या दाराशी आहेत, तर इथं ती सामाईक आहेत. त्यामुळे टाक्यांपासून विहारांकडे आणि स्वयंपाकघराकडे जाणाऱ्या वाटा महत्त्वाच्या ठरतात. फरसबंद वाटेवर उभे राहा आणि ती कुठल्या दोन गोष्टींना जोडते हे पाहा. माथ्याचा अर्धा नकाशा तेवढ्यात कळतो.

टेकडी पोखरून लेणी का नाही खोदली, असा प्रश्न आपल्याकडच्या माणसाला पडतोच. त्याचं निम्मं उत्तर दगडात आहे. सह्याद्रीचा बेसाल्ट आडव्या थरांत, एकसंध आणि भरीव मिळतो, त्यात खोल दालन काढलं तरी छत टिकतं. विशाखापट्टणमच्या टेकड्या पूर्व घाटातल्या खोंडलाइट दगडाच्या आहेत. हा गार्नेट असलेला, पट्ट्यापट्ट्यांचा, लवकर झिजणारा दगड आहे. त्यातलं फेल्डस्पार हे खनिज कुजून माती होतं आणि पृष्ठभाग दाण्यादाण्यानं सुटतो. कोणार्कचं सूर्यमंदिर याच दगडाचं आहे आणि तिथली झीजही याच जातीची आहे. अर्थात दगड हेच एकमेव कारण नव्हे. अनकापल्लीजवळ शंकरमच्या बोज्जन्नकोंड्यावर खडकात कोरलेली दालनं आणि एकाच खडकातून काढलेले स्तूप आहेतच. पण थोटलकोंड्यावर त्यांनी घडीव दगड आणि विटा वापरून वरती बांधायचं ठरवलं, आणि त्यामुळेच आज छपरं गेली आहेत आणि जोती उरली आहेत. लाकूड कुजलं, मातीची कौलं खाली पडून फुटली. उत्खननात कौलांचे तुकडे आणि चुन्याच्या गिलाव्यातली नक्षी मिळाली ती यामुळेच. डोक्यातलं चित्र उघड्या दगडी चौथऱ्यांचं ठेवू नका. उतरती कौलारू छपरं आणि पांढऱ्या गिलाव्याच्या भिंती समोर आणा.

विहारांकडे वळा. एका रांगेत चौकोनी खोल्या आणि पुढे ओसरी, ही इथली साधी मांडणी. खोली साधारण अडीच-तीन मीटर औरसचौरस, म्हणजे एक माणूस, फार तर दोन. उंबरठ्याची जागा शोधा, म्हणजे दार कुठं होतं ते कळतं. मग ओसरीच्या बाहेरच्या कडेला बघा, तिथं पावसाचं पाणी नेणारी मोरी किंवा चर सापडतो. भिंत कितीही ढासळली तरी उंबरठा आणि मोरी या दोन गोष्टी सहसा जागेवर राहतात, कारण त्या जोत्याच्या पातळीवर असतात. बांधकाम टप्प्याटप्प्यानं वाढलं का, हेही जोत्यातच दिसतं. दोन भिंती जिथं मिळतात तिथं दगड एकमेकांत गुंतलेले असतील तर बांधकाम एका वेळचं. नुसता सरळ सांधा असेल तर दुसरी भिंत मागाहून आणून टेकवलेली. हा सांधा बघायची सवय लागली की कुठल्याही अवशेषावर उपयोगी पडते.

स्वयंपाकघर आणि भोजनगृह हा माझ्या मते इथला सगळ्यांत बोलका भाग आहे, आणि बहुतेक लोक तो ओलांडून पुढे जातात. भिक्षूनं रोज गावात जाऊन भिक्षा मागावी असा मूळ संकेत. मग तीन दालनांचं स्वयंपाकघर कशाला? त्याचा अर्थ संघाकडे धान्य साठत होतं, कुणीतरी ते नियमानं पोचवत होतं आणि शिजवणारे हात वर होते. भिक्षेच्या झोळीवर एवढी मोठी सोय उभी राहत नाही, त्याला दानाची कायम व्यवस्था लागते. इथं ब्राह्मी लिपीतले बारा लेख मिळाले. सातवाहनांची नऊ नाणी आणि रोमची पाच चांदीची नाणी मिळाली. म्हणजे किनाऱ्यावरच्या व्यापाराचा पैसा या टेकडीपर्यंत पोचत होता, हे नक्की. पैठणच्या सातवाहनांचं नाणं बंगालच्या उपसागराच्या काठी सापडावं यात नवल नाही, त्यांचा विस्तार दोन्ही समुद्रांना भिडत होता.

पण नाण्यांवरून पुढच्या उड्या मारू नका. ‘इथला दिवा बघून जहाजं बंदरात येत’, ‘इथूनच भिक्षू श्रीलंकेला आणि पूर्वेच्या देशांना गेले’ अशी वाक्यं सर्रास ऐकू येतील. टेकडीवरून समुद्र दिसतो आणि समुद्रावरून टेकडी दिसते, एवढं खरं. त्यापुढचं पाच नाण्यांच्या जोरावर ठामपणे बोलता येत नाही. जवळ गाव, बाजार आणि बंदर असावं, तरी गोंगाट नसावा, अशी जागा संघ शोधत असे. ना फार लांब, ना फार जवळ. मंगमारिपेट्याच्या वरची ही टेकडी त्या मापात नेमकी बसते, आणि जागेच्या निवडीचं एवढं स्पष्टीकरण मला पुरेसं वाटतं.

आता चैत्यगृहं. गजपृष्ठाकार म्हणजे एका टोकाला अर्धवर्तुळ असलेला लांबट आराखडा. कार्ले-भाजे बघितलेल्यांना तो जमिनीवर आखलेला पाहूनही लगेच ओळखू येतो. वर्तुळाकार चैत्यगृह मात्र दुर्मिळ. आपल्याकडे जुन्नरजवळच्या तुळजा लेण्यात ते खडकात कोरलेलं आहे: मधे स्तूप, भोवती खांबांचं वर्तुळ, त्याबाहेर फिरायची वाट. थोटलकोंड्यावर तोच आराखडा बांधकामात उतरलेला दिसतो, आणि तोही तीनदा. इथं एक चूक हमखास होते. गोल जोतं दिसलं की लोक त्याला स्तूप म्हणून मोकळे होतात. फरक ओळखायला दोन गोष्टी बघा. स्तूप आतून भरीव असतो आणि त्याला आत शिरायला जागा नसते. चैत्यगृहाला एका बाजूला दाराची फट असते आणि आत, मध्यभागी, स्तूपाचा छोटा तळ वेगळा दिसतो.

बुद्धमूर्ती शोधत फिरू नका. या काळातल्या या परंपरेत पूजा स्तूपाची आणि पदचिन्हांची होती. अष्टमंगल चिन्हं कोरलेले बुद्धपाद आणि दगडी स्तूपांच्या लहान प्रतिकृती इथं सापडल्या आहेत. मूर्ती बघायच्या असतील तर श्रीकाकुळम जिल्ह्यातलं, वंशधारेच्या काठचं शालिहुंडम गाठा. तिथली टेकडी पुढे महायान-वज्रयान काळातही नांदती राहिली आणि तारा, मारीची यांच्या मूर्ती तिथं मिळाल्या.

सगळ्यात शेवटी महास्तूप. खाली मेधी म्हणजे गोल चौथरा, त्यावर अंड म्हणजे घुमट, वर हर्मिका म्हणजे चौकोनी कठडा आणि छत्र, भोवती प्रदक्षिणेची वाट, एवढे भाग डोक्यात ठेवून एक फेरी मारा. मग जवळ जाऊन जुनं-नवं वेगळं करा. जुनी वीट मोठी असते, आजच्या विटेच्या जवळपास दुप्पट लांबीची, आणि तिच्या कडा झिजून गोल झालेल्या असतात. जुन्या विटा मातीत बसवलेल्या असल्यामुळे सांधे बारीक असतात. नव्या कामात सांधे जाड, एकसारखे आणि राखाडी किंवा पांढरट दिसतात. घडीव दगडाच्या थरात सगळे दगड एकाच मापाचे आणि कडा धारदार असतील तर ते अलीकडचे. जमिनीलगतचे दोन-तीन थर मूळचे असण्याची शक्यता जास्त, वर जाल तशी ती कमी होत जाते. सकाळी सात ते नऊच्या तिरप्या उन्हात हा फरक नीट दिसतो, दुपारी डोक्यावरच्या उन्हात सगळं एकाच रंगाचं होऊन जातं.

असे स्तूप पावसात का ढासळतात, हे कळलं तर इथली डागडुजीही वाचता येते. स्तूप म्हणजे बाहेरून दगड-विटांचं कवच आणि आत माती, मुरूम, दगडांचे तुकडे यांची भरणी. माथ्याला बारीक भेग पडली की पाणी आत उतरतं. घनमीटरला दीड-पावणेदोन टन वजनाची भरणी भिजून दोन टनांच्या घरात जाते, फुगते आणि कवचाला आतून बाहेर ढकलते. कवचाचे सांधे सिमेंटनं गच्च बंद केलेले असले तर पाणी बाहेर पडायलाच वाट नसते. पाणी कोंडतं, दाब वाढत जातो आणि एके दिवशी कवचाचा मोठा तुकडा सुटून येतो. बहुतेक वेळा हे पहिल्या पावसात होत नाही, मोसमाच्या शेवटी होतं. या किनाऱ्यावर ऑक्टोबर त्यासाठी सगळ्यांत वाईट महिना. नैर्ऋत्य मोसमी पावसानं भरणी आधीच भिजलेली असते आणि त्यावर उपसागरातली वादळं येतात. 2014 सालचं हुदहुद 12 ऑक्टोबरलाच विशाखापट्टणमवर आदळलं होतं.

यावर उपाय नवे नाहीत. सांध्यांसाठी चुन्याचा गारा: भिजवून किमान काही आठवडे मुरवलेला चुना एक भाग आणि वाळू आणि सुरखी (विटांची भुकटी) मिळून अडीच ते तीन भाग. तो सिमेंटपेक्षा मऊ असतो आणि ओलावा बाहेर जाऊ देतो. सांधा आधी दोन-तीन सेंटीमीटर खोल साफ करायचा, पाणी मारून ओला करायचा, मग भरायचा. कोरड्या सांध्यात भरलेला चुना आठवडाभरात भुकटी होऊन पडतो. वर ओलं गोणपाट किमान आठ-दहा दिवस. माथ्यावर चुन्याच्या काँक्रीटची टोपी द्यायची, पायाशी बाहेरच्या बाजूला मीटरला अडीच-तीन सेंटीमीटर उतार द्यायचा आणि पाणी चरात सोडायचं. पिंपळाचं रोप उपटायचं नाही, त्याच्याबरोबर चार दगड निघून येतात. ते बुंध्याशी कापायचं, मुळावर औषध लावायचं आणि पूर्ण मेल्यावर मूळ काढून पोकळी भरायची. समुद्रावरून येणारा खारा वारा ही आणखी एक कटकट. दगडावर पांढरी बुरशीसारखी पुटं दिसली तर ते बहुधा मीठ असतं. ते कोरड्या मऊ ब्रशनं झाडायचं. पाण्यानं धुतलं की विरघळून पुन्हा आत जातं आणि पुढच्या उन्हाळ्यात जास्त जोरानं बाहेर येतं. तुम्ही बघायला गेलेले असलात तरी हे माहीत असू द्या. कुठं डाग आहे, कुठं फुगवटा आहे, कुठला सांधा राखाडी आहे, हे पाहत गेलात की ती इमारत आज कशी टिकून आहे याचाही अंदाज येतो.

माथ्यावरचे अवशेष संपले म्हणजे जागा संपली असं नाही. उतारांवर दगडांच्या राशी दिसतील. त्या शेत साफ करून टाकलेल्या दगडांसारख्या वाटतात, पण मठाच्या आसपासच्या पाहणीत अशा पुष्कळ राशींची दफनाशी संबंधित जागा म्हणून नोंद झालेली आहे. त्यांच्यावर चढू नका आणि दगड हलवू नका. खापराचा तुकडा उचलून खिशात घालायचा मोह अनेकांना होतो. खापराची किंमत ते कुठं पडलं होतं यात असते, घरच्या शोकेसमध्ये त्याला काहीही अर्थ उरत नाही, शिवाय तो गुन्हाही आहे.

वेळेचं गणित: थोटलकोंड्याला नीट बघायला तीन तास ठेवा. बरोबर 5 मीटरची टेप, साधा कंपास, चौकटीची वही आणि दोन लिटर पाणी घ्या. माथ्यावर सावली थोडी आहे. एखाद्या विहाराचा आराखडा पावलं मोजून वहीत उतरवलात तर शंभर फोटोंपेक्षा जास्त लक्षात राहील. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ बरा. ड्रोन नेऊ नका. विशाखापट्टणम हे नौदलाच्या पूर्व विभागाचं मुख्यालय आहे, परवानगीशिवाय ड्रोन उडवलात तर जप्ती ठरलेली.

त्याच दिवशी बाविकोंडा ही दुसरी बौद्ध टेकडी जोडता येते. उंची जवळपास तेवढीच, म्हणजे 130 मीटर; उत्खनन 1982 ते 1987 मधलं. तिथल्या महाचैत्यात, म्हणजे मुख्य स्तूपात, अस्थी असलेलं पात्र मिळालं, त्यामुळे धार्मिक दृष्टीनं त्याचं वजन जास्त आहे. शिवाय गर्दी कमी असते, शांतपणे मोजमाप करता येतं. दुसऱ्या दिवशी सकाळी भीमिलीची पावुरलकोंडा ही बौद्ध टेकडी करा. तिथं खडकात खोदलेली सोळाएक टाकी आहेत, आणि थोटलकोंड्यावर पाण्याचा जो हिशेब केलात तोच इथं पुन्हा करून बघता येतो. खाली गावात डचांचं जुनं दफनस्थान आहे आणि गोस्तनी नदी समुद्राला मिळते ती जागाही जवळच. शालिहुंडम मात्र या दोन दिवसांत कोंबू नका, ते श्रीकाकुळमच्याही पुढे कलिंगपट्टणमजवळ आहे आणि त्याला जाऊन-येऊन पूर्ण दिवस लागतो. दोनच दिवस असतील आणि निवड करायची वेळ आली, तर थोटलकोंडा आणि पावुरलकोंडा घ्या.